सदतीस नंबर

ओरेस्टने ट्रकचं नाक उघडलं तेव्हा
आत उंदरांनी घर केलेलं होतं, गव्हाच्या काडाचं,
आणि इंजिनच्या ब्लॉकला एक चीर,
केसाएवढी, बोटभर लांब.
बाबांनी एका ऑक्टोबरात रेडिएटरमध्ये
नुसतं पाणी ठेवलं होतं. एकच रात्र.
त्यानंतर एकावन्न सालचा तो ट्रक
कोठारामागे उभा राहिला तो राहिलाच,
हिरवा रंग खडूसारखा हाताला लागेपर्यंत.

दुसरं इंजिन मी सुचवलं नाही.
ते त्याला कॅनोराच्या भंगारात मिळालं,
सहा सिलिंडरचं डिझेल,
शाळेच्या बसमधून काढलेलं.
बसचं पिवळं दार तिथंच गवतात पडलं होतं,
त्यावर काळा आकडा: सदतीस.
मी काही बोलले नाही.
बावीस वर्षं त्या दाराचा दांडा
माझ्या हातात होता.

मग नाकापेक्षा मोती जड.
स्प्रिंगमध्ये दोन पाटे वाढवले
तरी ट्रक येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायचा.
फायरवॉल वीतभर कापली.
साखळीला लटकलेलं इंजिन खाली यायचं,
कुठेतरी टेकायचं, पुन्हा वर.
अकरा वेळा. मी मोजलं,
कारण माझ्याकडे फक्त दिवा धरायचं काम होतं
आणि ओरेस्टच्या शिव्या ऐकायचं.

खरं घोडं पेंड खात होतं गिअरबॉक्सपाशी.
ह्याचीही भोकं वर्तुळात, त्याचीही वर्तुळात,
आणि एकही एकाशी जुळेना.
शेवटी युर्को बोयचुक आला,
जुन्या नांगराच्या पोलादाची जाड चकती कापून,
दोघांचीही भोकं तिच्यात पाडून.
म्हणाला, दुभाष्या आणलाय,
आता बोला एकमेकांशी.

चर्चच्या हॉलमध्ये पेरोही वळताना
विषय निघाला. आतलं सगळं बदललं,
मग तो ट्रक तोच कसा?
मी कणकेच्या कडा चिमटत राहिले.
माझा डावा गुडघा टायटॅनियमचा आहे
हे तिथल्या प्रत्येकीला माहीत आहे.

नोव्हेंबरात उणे एकतीस.
हीटरची वायर रात्रभर जोडलेली,
तरी ओरेस्टने किल्ली फिरवली की
एक खोकला, पांढरा धूर, संपलं.
बॅटरी बदलली. फिल्टर बदलला.
टायरला लाथ मारून पाहिली.
सरक, म्हटलं मी.

किल्ली एकच खाच.
लाल दिवा लागतो, विझतो,
आणि सगळे तिथेच चुकतात.
दिवा विझला तरी थांबायचं.
किती, ते घड्याळात नाही.
पहिल्या फाट्यावरची मेल्निकांची तिघं,
मग कार्ला, मग बोहदान, दप्तर उघडंच,
मग धाकटी टेस, एक हातमोजा नसलेली,
मग तो मुलगा, पहिलं वर्षभर न बोललेला,
त्याचं नाव सगळ्यात शेवटी.
आता.

ते सुरू झालं.
तोच आवाज, खालच्या पट्टीतला,
फक्त आता मागे कुणी भांडत नव्हतं.
ओरेस्ट माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, बस, जरा फिरवून आणू.

ताशी साठच्या वर तो जात नाही,
मागचा आस अजून बाबांच्या वेळचा.
बर्फाखाली रस्ता कुठे संपतो
ते दोन्हीकडच्या तारांवरून कळतं.
धान्याच्या मनोऱ्याशी जुनं फाटक.
रूळ उखडून नेले त्याला वीस वर्षं झाली,
आता नुसता उंचवटा, त्यावर वाळलेलं गवत.

मी ब्रेक दाबला.
दार उघडलं. गार हवा आत आली.
कान दिला.

ओरेस्टने काही विचारलं नाही.
त्याने डावीकडे पाहिलं,
मग उजवीकडे.